हत्तीचा डोळा

जेवण झाल्यावर मी आरामखुर्चीत डोळे मिटते. मुलांचं सकाळचं भांडण कानात अजून चालूच आहे. सातवीतली मुलं भोंडल्याच्या एका गाण्यावर ॲनिमेशनची छोटी फिल्म करताहेत. पाटावर धान्याचा हत्ती मांडायचा, डोळ्याच्या जागी एक गुंज, दाणे जरासे सरकवायचे, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचे. हत्ती घरोघरी खाऊ मागत फिरतो, असं ते गाणं. आमच्या शाळेच्या गाण्याच्या बाई, माझी मैत्रीण मालन, ते दरवर्षी म्हणायची. गेल्या फाल्गुनात ती गेली. तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग आहे, पण शेवटच्या घराशी येऊन गाणं हसण्यात बुडतं. शेवटची ओळ कुणालाच ठाऊक नाही. फिल्म उद्या संपवायची आहे आणि "मी आठवते" असं मी वर्गातल्या हुमेराला कबूल करून बसलेय.

पंख्याचा आवाज लांब जातो.

मी शाळेचा जिना उतरतेय. शेवटच्या पायरीवर पाऊल पाण्यात पडतं. हा तर कृष्णेचा घाट. पाट पाण्यावर तरंगतोय, हत्ती सोंडेनं पाणी उडवतोय. काठावर मालन बसलीय, मांडीवर पितळी डबा.

"किती वेळ लावलास, उषे!"

"मालन, शेवटची ओळ सांग. मुलं अडलीत."

"कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, काही नाही. आल्या आल्या परीक्षा!"

"बरं, गुडघा काय म्हणतो?"

"उत्तम आहे. वापरतच नाही."

मला हसू फुटतं. खोबरं भाजल्याचा वास येतो. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात आहोत आणि हत्ती ओट्यावर उभा आहे. मालन माझ्या कानाशी डबा खुळखुळवते.

"ओळख, खिरापत काय?"

"शेंगदाणे."

"अं हं."

"फुटाणे? अगं, आधी ओळ सांग ना!"

"ओळ होतीच कुठे? हत्ती शेवटच्या घरी आला, की मी डबा वाजवायचे. मग तुम्ही सगळ्या ओरडायला लागायचात, लाडू, करंजी, वाटली डाळ! त्या गोंधळात कोण गाणार?"

खरंच की. रेकॉर्डिंगमध्ये त्या हसण्याखाली एक खुळखुळ आहे. फिल्मचा आवाज जुळवणाऱ्या श्रीरंगनं काल ती खरखर समजून पुसून टाकली.

"मूळ रेकॉर्डिंग ठेवलंय ना?" मालन विचारते.

"ठेवलंय. पण डब्यात आहे काय?"

"ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. आता नियमही मीच शिकवू?"

ती पुन्हा डबा हलवते. आत एकच काहीतरी आहे, टणक, इवलंसं. मी हत्तीकडे पाहते. डोळ्याची जागा रिकामी आहे.

"गुंज! हत्तीचा डोळा!"

"आत्ता कशी!" ती झाकण काढते, गुंज माझ्या तळहातावर ठेवते आणि माझी बोटं मिटवते. तिचा हात उबदार आहे. "मुलांना लगेच सांगू नकोस हं. ओळखू देत."

पंखा जवळ येतो. खुर्ची, खिडकी, दुपारचं ऊन. मूठ मिटलेलीच आहे. उघडते, तर आत लाल गुंज, काळ्या टिपक्याची. हत्ती शाळेत कुलपात आहे.

दाराशी चपला वाजतात.

"बाई, आठवली का ओळ?" हुमेरा आत डोकावते. तिच्यामागे बाकीचे.

चष्म्याचं घर रिकामं आहे. मी त्यात गुंज टाकते, झाकण लावते आणि तिच्या कानाशी नेऊन खुळखुळवते.

"ओळख."