गोळ्या न खाणारा पाहुणा

मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याच्याकडे कपड्यांची एक पिशवी होती आणि झाकण लावलेली एक बादली. बादलीत मासा होता. नव्या घरमालकाला काचेची टाकी चालत नव्हती, म्हणून दुसरी जागा मिळेपर्यंत मासा आमच्याकडे जामसंड्याला राहणार होता. टाकी आदल्याच दिवशी टेम्पोनं येऊन पोचली होती. वैभववाडी स्टेशनावर मुलानं आधी बादली माझ्या हातात दिली आणि मग वाकून नमस्कार केला.

माझी सासू देवगड बंदरावर मासे विकते, त्यामुळे आमच्या घरात मासा येणं ही काही बातमी नव्हे. पण जिवंत राहण्यासाठी आलेला हा पहिलाच. ऑस्कर जातीचा होता, तळहाताहून मोठा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. बायको त्याला पाव्हणो म्हणायला लागली, आणि पाहुण्याचे सगळे गुण त्याच्यात होतेच. त्याला ताजी कोळंबी लागायची, तीही सोललेली. सासू बंदरावरून पिशवी पाठवायची. त्यातली चांगली कोळंबी टाकीत जायची आणि उरलेली आमच्या कढीत.

मे महिना सरत आला तसा मला घोर लागला. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ताजी कोळंबी येणार कुठून? माणसं सुक्या माशांवर पावसाळा काढतात, पण पाहुण्यानं सुका जवळा तोंडात घेऊन माझ्यादेखत थुंकून टाकला होता. पुण्याला परतलेल्या मुलाला फोन केला.

"बाबा, त्याला माशांच्या खाद्याच्या गोळ्यांवर आणा," तो म्हणाला. "मी डबा पाठवतो. सगळे ऑस्कर खातात."

डबा आला. त्यावर हसऱ्या माशाचं चित्र होतं. पाहुण्यानं पहिली गोळी तोंडात घेतली, क्षणभर विचार केला आणि अशी फेकली की काचेवर आपटली. मग तो तळाशी जाऊन एका कुशीवर आडवा झाला. मेलाच म्हणून मी माझं हार्डवेअरचं दुकान उघडायचं सोडून मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

"नाटक करतोय," मुलगा म्हणाला. "ऑस्कर रुसले की असेच झोपतात. काही घालू नका. भूक लागली की गपचूप खाईल."

म्हणून मी त्याला उपाशी ठेवायचं ठरवलं. रोज दुकानात जाण्याआधी चार गोळ्या टाकायचो, दुपारी येऊन त्या फुगलेल्या गोळ्या जाळीनं काढायचो. पाहुणा ढिम्म. मला त्याचं कौतुक वाटू लागलं. आठवडा गेला तरी अंगावरचं तेज कमी नाही, उलट पोट किंचित सुटलेलं. दुकानात खिळे घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही मी सांगत होतो की निग्रह असावा तर असा.

एका दुपारी जाळी फिरवताना गोळ्यांबरोबर कोळंबीचं शेपूट वर आलं. मी स्वयंपाकघरात गेलो.

"तू तेका खाऊक घातलंस?"

बायकोनं पोळपाटावरून मान वर केली नाही. "घातलंय."

"कधीपास्ना?"

"पयल्या दिवसापास्ना. घरात कोण उपाशी आसलो तर माका घास जायत नाय."

तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पुढे बंदीच लागली आणि तिची चोरी आपोआप थांबली. आता फ्रीजरमधली थोडी कोळंबी तेवढी शिल्लक होती. मी कोळंबीची डोकी उकळून त्या पाण्यात गोळ्या भिजवल्या. वासानं शेजारणीनं येऊन जेवायला काय आहे म्हणून विचारलं, पाहुण्यानं मात्र विचारलं नाही. मग कोळंबीला चीर देऊन आत गोळी लपवली. त्यानं कोळंबी गिळली आणि गोळी तेवढी अलगद बाहेर सोडली.

बंदीत सासूबाईंचा धंदा बंद, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. मी चिमट्यात कोळंबी धरून टाकीसमोर उभा होतो, तेव्हा त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"जन्मभर लोकांनी मासे खाल्ल्यानी काय नाय ता बगलंय," त्या म्हणाल्या. "माशान काय खाल्ल्यान ता कोणी इचारूक नाय." मग जरा थांबून, "तुमी तरी जेवलास?"

मी जेवलो नव्हतो.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पावसाच्या पाण्याबरोबर वर येणारे चढणीचे मासे पकडले आणि त्यातला एक आमच्याकडे पाठवला. राखाडी, मिशीवाला, पाहुण्याएवढाच लांब, अजून वळवळणारा. नेमका सोमवार होता. मी दुकानातून आलो तर तो मिशीवाला आमच्या टाकीत.

"आज सोमवार मां," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत जितो रवांदे. ताजो गावतलो."

मी फोनवर सांगितलं तर मुलगा ओरडलाच. "बाबा, बाहेरचा मासा? रोग येतील! काढा त्याला!" मी जाळी आणायला वळलो, तेवढ्यात मिशीवाल्यानं सकाळच्या फुगलेल्या गोळ्या पाहिल्या. त्यानं वास घेतला नाही, विचारही केला नाही. एकापाठोपाठ एक गोळी ओढत सुटला. पाहुणा कोपऱ्यात थबकला. मी डब्यातून मूठभर गोळ्या टाकल्या. मिशीवाला वर झेपावला आणि त्याच्या तोंडापुढून पाहुण्यानं गोळी हिसकावली. चावली. गिळली. मी वाट पाहिली. थुंकली नाही. त्यानं दुसरी हिसकावली.

"खाल्ल्यान गो!" मी ओरडलो. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. मुलगा फोनवरून "काय झालं, मेला का?" विचारत होता, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

मंगळवारी सकाळी सासूबाई विळी घेऊन बाहेर आल्या. मी टाकीसमोर उभा राहिलो. घरात मासा कापू नका, असं देवगडच्या मासे विकणाऱ्या बाईला सांगणारा मी बहुधा पहिलाच जावई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

"बरा," त्या म्हणाल्या आणि सुक्या बांगड्याचं झणझणीत तिकलं करायला आत गेल्या.

रोग काही आला नाही. गोळ्या मात्र दुप्पट लागू लागल्या, कारण दोघांपैकी कुणीच मागे राहायला तयार नसतं. चतुर्थीला मुलगा आला. त्याला पुण्यात नवी जागा मिळाली होती आणि तिथे टाकी चालत होती. पण तो पाहुण्याला न्यायचं म्हणाला, तेव्हा बायको म्हणाली, "न्हेवचो तर दोघांकय न्हे." मुलानं मिशीवाल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि एकटाच गाडीत बसला.