विमानाचं कापड शिवायला बंगळूरला

विमानाला कापडाचे पंख असतात, हे मला दत्ताण्णाच्या पत्रातून कळलं. "सुमे, लगेच नीघ. विमान शिवायचंय," एवढंच त्यात होतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी बेळगावात मुलींना शिवण शिकवत होते आणि माझ्याइतकं नीट कुणी शिवत नाही, असा माझा ठाम समज होता.

दत्ताण्णा माझा आत्येभाऊ. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरकर, विमान कारखान्यात फिटर. मोडकं दोन आसनी विमान लिलावात घेऊन तीन वर्षं घरामागच्या शेडमध्ये दुरुस्त करत होता. महिनाअखेर त्याची उत्तरेत बदली होती. शनिवारी तपासनीस येणार. पास झालं तर उडेल, नाहीतर भंगारात.

बाबा म्हणाले, "विमान शिवायला चाललीय, चालवायला नाही. जाऊ दे."

मीटरगेजची गाडी, थर्ड क्लास, पहिलाच एकटीचा प्रवास. अरसीकेरेला उजाडलं. तिथले पानावरचे गरम वडे आणि कॉफी अजून जिभेवर आहेत. बंगळूरला जटका, म्हणजे तिथला टांगा, करून चामराजपेटला अण्णाचं घर गाठलं. (आता जाणार असाल तर रात्रीची गाडीच बरी, पण अरसीकेरेला झोपून राहू नका.)

शेडमध्ये पंखाचा नुसता लाकडी सांगाडा होता. शेजारी कापडाचा कोरा तागा. अण्णा कामावर गेला आणि मी कामाला लागले. कोरं कापड भिजवल्याशिवाय कातर लावायची नाही, हे मी मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायचे. अण्णाच्या बायकोनं, शारदावहिनींनीही पदर खोचला. दोघींनी अख्खा तागा हौदात बुडवला, पिळला आणि अंगणभर वाळत घातला.

संध्याकाळी अण्णा दोरीपुढे उभाच राहिला.

"सुमे, हे भिजवलंस काय?"

"मग? नंतर आटलं म्हणजे?"

"अगं, नंतर आटायलाच पायजे की! पंखावर चढवून लेप दिला की आटतं, म्हणून तर तबल्यासारखं ताणतं. आता हे सैलच राहणार."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याची तीन वर्षं मी एका दुपारीत धुऊन टाकली होती. तो ओरडला असता तर चाललं असतं. वहिनी म्हणाल्या, "स्वल्प कॉफी घ्या, मग बघू." तो कॉफी न घेताच सायकलवर बसला आणि जक्कूरच्या विमानतळावर मित्राकडे गेला. त्या मित्रानं स्वतःच्या ग्लायडरसाठी ठेवलेलं कापड काढून दिलं. आजही मला त्या न पाहिलेल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं.

पुढचे तीन दिवस मी तोंड मिटून शिवलं. उशीला अभ्रा घालावा तसं कापड पंखावर चढवायचं. मग पंख उभा करून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. हातभर लांब सुई मी आरपार घालायची, त्यांनी परत पाठवायची. मग अण्णानं लेप दिला. पिकल्या केळ्यांसारखा वास घरभर, अगदी सारातसुद्धा! कापड आटत गेलं, ताणत गेलं.

शनिवारी तपासनीस आले. बोटानं पंखावर टकटक केली. ढम्म आवाज आला. एकेक टाका चष्मा वर करून पाहिला आणि कानडीत म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक, पास!

अण्णा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत राहिला. मी मात्र उघड रडले.

माझी परतीची गाडी रविवारची होती. उड्डाण नंतर व्हायचं होतं, शाळेला सुट्टी नव्हती. निघण्याआधी सकाळी मी एक उद्योग केला. त्या भिजवलेल्या कापडाचा अण्णाला सदरा बेतला, शिवला आणि खुंटीला लावून आले.

परवा नातीबरोबर बंगळूरला गेले होते. चामराजपेटला शेड नाही, तिथं तीन मजले आहेत. जक्कूरला कुंपणाबाहेरून लहान विमानं दिसतात. शहरातून दीड तास तरी धरून चला. आता त्यांचे पंख पत्र्याचे, शिवणाऱ्याची गरजच नाही. मी उगीच बराच वेळ उभी राहिले.

घरी आल्यावर अण्णाचं तेव्हाचं पत्र पुन्हा काढलं.

"सुमे, विमान उडालं. तुझी दोन्ही कापडं वर जाऊन आली, एक पंखावर आणि एक माझ्या अंगावर. सदरा त्यानंतर चारदा धुतला. अजून आटला नाही."