करीमभाई वस्तादांची बोलणारी कांडी

करीमभाई वस्तादांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं, गाव त्यांचा सत्कार करणार आणि त्यांच्यावर पुस्तक काढणार, हे ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भाकरी करपवली. मी दुसरीपर्यंत शिकले. चुका मास्तर सुधारतील. मास्तरांनी मला सांगितलं, "आजी, पहिल्या ओळखीपासून लिहा, आन गोड लिहा." पहिल्या ओळखीपासून लिहिते. गोडाचं माझ्या हातात नाही, कारण वस्तादांची आठवण काढली की मला आधी राग येतो. वस्तादांचा नाही, आपला सगळ्यांचा.

लग्न होऊन मी धनजच्या अलीकडच्या या आपल्या खेड्यात आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. लग्नाला चार महिने झाले असतील. सासऱ्यांकडे पाहुणे आले होते. मी मोठ्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, कढी केली. ताक चांगलंच आंबट होतं, आणि सकाळी केलेली कढी दुपारपर्यंत त्याच गंजात राहिली. जेवणं झाली आणि घटकाभरात एकेक पाहुणा पोट धरून परसात पळू लागला. सासरेही ओकले. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इच्या हातातच इख हाय. पाठवा इले माहेरी." दिरांना बैल जुंपायला सांगितलं. मी बोचकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले.

तेवढ्यात कल्हईवाल्याची आरोळी आली. वस्ताद तेव्हा पस्तिशीचे असतील, अंगानं सडपातळ, आणि मागे त्यांची बायको हमीदाबी डोक्यावर भाता घेऊन. ओट्याशी थांबून त्यांनी विचारलं, "काहून रडून राह्यली, बाई?" मी कशाला सांगते. सासूबाईंनीच सांगितलं, अगदी सविस्तर. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि अंगणात पालथा घातलेला गंज सुलटा केला. आतून बोट फिरवलं आणि ते हिरवट बोट सासूबाईंपुढे धरलं.

"आई, सुनेचा हात चांगला हाय. गंजाची कल्हई गेली. पितळ उघडं पडलं का आंबटात उतरते. तुमी कढी केली असती तरी हेच झालं असतं."

"तुले काय समजते रे स्वैपाकातलं?"

"स्वैपाकातलं काही नाई समजत, आई. भांड्यातलं समजते."

सासरे आतून खाटेवरून ओरडले, "सोडा ते बैल." बैल सोडले. पुढे सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या की मला तर गंजाचाच संशय होता. असो, त्या आता नाहीत, चांगल्या होत्या, पापड फार सुरेख लाटत. पण मला अजून राग येतो. अशा किती सुनांसाठी बैल जुंपले गेले असतील, आणि त्यांच्या दारात त्या दिवशी कल्हईवाला आला नसेल.

तेव्हापासून वस्ताद वर्षातून दोनदा येत. मुक्काम विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचे, हमीदाबींनी भाता मारायचा, भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. काळं भांडं चांदीसारखं होई. कापूस मी देत असे, आमच्या शेतातला, सरकी काढलेला. नवसागराचा पांढरा धूर उठला की वस्ताद काम थांबवून गर्दी हटवत. "वाऱ्याच्या अंगाले उभे राहू नका. छातीत बसते." त्यांच्या स्वतःच्या छातीत तो बसलेलाच होता. हे मला तेव्हा कळलं नाही. खोकला असतो माणसाला, एवढंच वाटलं.

पण वस्तादांची खरी रीत निराळी होती. कोळसे पेटवण्याआधी ते कांडी घरधनिणीच्या हाती देत. "कानाजवळ धरा, बाई, आन वाकवा." वाकवली की कांडी आतून कर्र कर्र करी, कापसाची वाळलेली पळाटी पायाखाली यावी तशी. "हे कथील बोलून राह्यलं. यात शिसं मिळवलं का हे मुकं होते. मुकी कांडी कोनाच्या हातात दिसली तर त्याले भांडं देऊ नका, मी असलो तरी." शिसं स्वस्त, ते मिसळलं की कथील लवकर वितळतं आणि कल्हई तशीच चमकते. डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक कानाला कळतो, आणि मग पोटाला.

हमीदाबींनी मला एकदा भाता मारता मारता सांगितलं होतं. वस्ताद ज्यांच्याकडे शिकले ते जन्मभर शिसं मिसळत आले. शेवटी त्यांचे दोन्ही हात मनगटातून लटकले. घास तोंडापर्यंत जाईना. त्यांना दोन वर्षं करीमभाईंनी भरवलं. ही गोष्ट वस्ताद स्वतः कधीच कोणाला सांगत नाहीत, म्हणून मी इथं लिहून ठेवते.

आता रागाचं लिहिते. मास्तरांनी हे गाळू नये.

मोठी लढाई सुरू झाली आणि परदेशातून येणारं कथील मिळेनासं झालं. एका लग्नसराईत वस्ताद आले ते बोटाएवढी कांडी घेऊन. लिंबाखाली गाव जमलं होतं. वस्तादांनी हात जोडून सांगितलं, "एवढंच हाय. लेकरायची भांडी करून देतो. बाकीच्यायनं आंबट ते मातीच्या भांड्यात ठेवा, चिंच, ताक, आंबील, सारं." तर आपण काय म्हटलं? एक म्हणाला, "म्हातारा झाला, हात चालत नाई, कथलाचं निमित्त सांगते." दुसरा म्हणाला, "पाव्हण्यायले काय गाडग्यात जेवू घालू काय?" तिसऱ्यानं भाता उचलून रस्त्यावर फेकला. भात्याचं कातडं फाटलं. हमीदाबींनी तो गोळा केला. ज्यानं फेकला तो या पुस्तकाच्या समितीत आहे. मी नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी मीही तिथं उभी होते आणि गप्प होते.

चार दिवसांनी दुसरा एक कल्हईवाला आला, कुठला होता देव जाणे. माझ्या धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर होतं. माझा मुलगा किसन त्याला घरी घेऊन आला. त्यानं झरझर भांडी केली, अशी चमकली की मी पदरानं पुसून पुन्हा पुन्हा पाहिली. मी त्याची कांडी मागितली नाही. जन्मभर कानाशी धरलेली कांडी, आणि त्या दिवशी मला संकोच वाटला. लग्नघरी परक्या माणसाला कशाला विचारायचं, असं वाटलं. मला माझाच राग येतो तो या ठिकाणी.

किसनची मुलगी सुमन तेव्हा चार वर्षांची होती. तिला आंबील फार आवडे. रात्री त्याच चमकत्या गंजात आंबील ठेवायची आणि सकाळी तिच्या वाटीत द्यायची, असं रोज चाललं. दोन-तीन महिन्यांत पोट्टी वाळत गेली. पोट लाकडासारखं कडक, तोंड पांढरं, रात्रंदिवस कळा. आधी अंगण दणाणून सोडणारी पोर भिंतीला धरून बसू लागली. आम्ही नजर काढली, अंगारा लावला, एरंडेल पाजलं. मग पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. ते मी दिले, या हातानं. ती म्हणाली, "आजी, नको वं." मी तरी दिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आंबील दिली, लेकराच्या अंगात ताकद यावी म्हणून.

कामरगावच्या बाजारात हमीदाबी भेटल्या. मी तोंड चुकवत होते, पण त्यांनीच हाक मारली आणि घरचं विचारलं. मला रडू आलं. सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद चालत आमच्या दारात आले, ज्या गावानं त्यांचा भाता फेकला त्या गावात. मी पाणी आणलं. ते म्हणाले, "पानी मंग. लेकरू कशात जेवते ते दाखवा." गंज आणून ठेवला. त्यांनी फेट्याचं पांढरं टोक आतून घासलं, ते काळं झालं. सुमनला मांडीवर घेऊन तिचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेनं काळसर निळी रेघ होती. आम्ही इतके महिने तिच्याकडे पाहत होतो आणि कोणालाही ती दिसली नव्हती.

"द्वारकाबाई, कांडी आयकली होती काय?"

मी खाली पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही.

त्यांनी त्याच पावली घरातली सगळी कल्हईची भांडी बाहेर काढायला लावली, किसनला कुंभाराकडे पाठवलं आणि तो परत आल्यावर त्याला सांगितलं, "आता बैल जुंप, लेकराले मोठ्या दवाखान्यात ने. डाक्टरले भांड्याचं सांगजो, लपवू नको." डॉक्टरांनीही भांड्यातल्या शिशाचंच सांगितलं, वर म्हणाले की अजून महिनाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. सुमन परत आली तेव्हा वस्तादांनी तिची ताटली आणि वाटी खऱ्या कथलानं करून ठेवली होती. ते कथील कुठून आलं, हे मी हमीदाबींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरासाठी राखलं होतं. आमचं काय, आमी गाडग्यात जेवतो."

सुमन आता नऊ वर्षांची आहे, आणि तिची आरडाओरड पुन्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाते. पोटावरचे डाग आहेत.

म्हणून समितीला माझं सांगणं आहे. सत्काराच्या दिवशी शाल घालण्याआधी, भाता फेकला तेव्हा लिंबाखाली जे जे उभे होते त्यांनी वस्तादांची माफी मागावी. पहिली मी मागेन, नंतर भाता फेकणाऱ्यानं उठावं. तो उठला नाही तर त्याचं नाव मी तिथं तोंडानं सांगेन, छापायची गरज पडणार नाही. आणि पंगतीच्या कढीचा गंज आधी मी आतून पाहीन.

शेवटी एक गोष्ट, ती आनंदाची आहे की नाही ते मला ठरवता येत नाही. लढाई संपली, कथील पुन्हा मिळू लागलं. गेल्या दिवाळीत वस्ताद आले. त्यांनी कांडी स्वतःच्या कानाशी वाकवली, मान हलवली आणि बाजूला ठेवली. दुसरी वाकवली, तीही ठेवली. म्हणाले, "सारी मुकी हाय. फसवलं मले." हमीदाबी भात्याकडे पाहू लागल्या. त्यांना ठाऊक होतं. मलाही तेव्हाच कळलं, कारण मी दोनदा हाक मारली होती आणि त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

सुमन पुढे गेली. तिनं बाजूला टाकलेली कांडी उचलून आपल्या कानाशी वाकवली, मग मोठ्यानं, त्यांच्या अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आजाबा, बोलून राह्यली."

"खरं सांग, पोरी."

"कर्र कर्र करते. दुसरीबी करते."

वस्तादांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोळसे पेटवले.

करीमभाई वस्ताद आणि हमीदाबी यांना भरपूर आयुष्य मिळो, त्यांच्या छातीतला धूर निघून जावो, आणि दर खेपेला त्यांची आरोळी आपल्या गावात येवो. ते आले की सुमन लिंबाखाली हजर असेल. तिनं कांडी ऐकेपर्यंत कोणीही कोळसे पेटवू नयेत.