तिसऱ्या वळणावरचं दाताळं

मंडळी, बहात्तर वर्षांची झाले, आणि आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगलच केली. सासूबाई अमावास्येला नारळ ओवाळायला लागल्या की मी तोंडात पदर कोंबून हसायचे. तुम्हालाही हसायचं असेल तर त्या वेळच्या मला हसा... बाई त्याच लायकीची होती.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षं उलटली असतील. आम्ही ड्रेस्डेनला होतो. हे मेकॅनिकल इंजिनियर, आणि सुट्टीच्या दिवशी एका स्पीडवे क्लबात इंजिनं खोलत बसायचे. स्पीडवे म्हणजे मातीचा लांबट गोल ट्रॅक, चार मोटारसायकली, चार फेऱ्या — आणि गाडीला ब्रेकच नाही! इंजिनात एरंडेल. लहानपणी ज्या वासाने मी पळून जायचे, त्याच वासात यांचे रविवार जायचे. फेऱ्या सगळ्या डावीकडे, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. आपल्यात तशी उलटी फेरी कधी घालतात ते तुम्हाला माहीत आहे. क्लबात मी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी क्लबाचा ट्रॅक गेला. तिथे फर्निचरचं दुकान होणार होतं. तासाभरावरच्या एका गावाने एका सीझनपुरता आपला ट्रॅक वापरायला दिला. पुढे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर कुर्ट राहायचे. त्यांची नात आन्या क्लबाकडून गाडी चालवायची, म्हणून सगळेच त्यांना ‘ओपा’ म्हणजे आजोबा म्हणत. जुना ट्रॅक तीस वर्षं त्यांनीच राखला होता. त्यांचं एक लाकडी दाताळं होतं, चौथा दात मोडलेला. ओढलं की मातीत रेघा उमटायच्या आणि मधली एक रेघ गायब. नव्या ट्रॅकवर पहिल्याच दिवशी ते दाताळं खांद्यावर टाकून गेले, तर तिथला माणूस म्हणाला, “आमची माती आम्ही बघतो.” ओपा कुंपणाबाहेर उभे राहिले. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली.

मी हॉस्पिटलात त्यांना शिरा घेऊन जायचे. त्यांचं बोलणं बोबडं, माझं जर्मन बोबडं, त्यामुळे आमचं छान जमायचं. बाकी कुणाला त्यांचं काही कळत नसे.

शेवटच्या रेसच्या दोन दिवस आधी ते म्हणाले, “फ्राऊ सबनीस, आन्या म्हणते, तिसऱ्या वळणावर आतल्या कडेला मागचं चाक बसतं. तिथे खाली पोकळ आहे. खणायचं, भरायचं, पाणी मारायचं. नाहीतर पोरगी कुंपणावर जाईल.”

“मग तिलाच सांगा की!”

“सांगितलं. म्हणते, ओपा, तू झोप. तुमच्या मिस्टरांना सांगा. आणि माझं दाताळं न्या. तिथली लोखंडी नुसती वरवर खरवडतात. सांगाल ना?”

“गेनाऊ!” मी म्हटलं. तेव्हा मी दर वाक्याला गेनाऊ, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचे, अर्धी जर्मन झाल्याच्या थाटात.

दाताळं त्याच दिवशी डिकीत ठेवलं. पण रविवारी क्लबाच्या स्टॉलवर माझे बटाटेवडे होते ना! डिकीत कढई मावेना. दाताळं काढलं, केलरमध्ये म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. तिकडे काय दाताळ्यांचा दुष्काळ आहे? आणि निरोप? निरोप वड्यांबरोबर तळला गेला. लोक रांग लावून “लेकर, लेकर”, म्हणजे ‘चविष्ट’, करत होते आणि बाई हवेत.

आन्या स्टार्टला येऊन उभी राहिली तेव्हा आठवलं. हातात झारा तसाच... मी यांच्याकडे धावले, तोवर स्टार्टची फीत वर उडाली. पहिल्या फेरीला तिसऱ्या वळणावर मी डोळे मिटले. दुसऱ्या फेरीलाही. चार वेळा ती तिथून गेली. काही झालं नाही.

मध्यंतरात मी त्या वळणावर गेले. तिथला माणूस वैतागून विचारत होता, “इथे कुणी खणलं?” आतल्या कडेला जिथे चाकं लागली नव्हती, तिथे काळपट ओल्या मातीत ताज्या रेघा होत्या. तीन रेघा, मग एक गायब, मग पुढच्या.

घरी आल्यावर कढई ठेवायला केलर उघडलं. कुलूप जसंच्या तसं. दाताळ्याच्या दातांत ओली, काळपट माती. आमच्या जुन्या ट्रॅकची माती तांबडी होती हो!

हे म्हणाले, “कुणाच्याही दाताळ्याचा दात मोडू शकतो.”

“आणि ही माती?”

यांनी माती बोटावर घेऊन पाहिली आणि वर गेले.

मी तशीच हॉस्पिटलात गेले. नर्स म्हणाली, “सकाळपासून झोपूनच आहेत.” मी आत गेले तशी त्यांनी डोळे उघडले.

“आन्या?”

“छान चालवली. ओपा, मी... निरोप दिला होता. तुमच्या दाताळ्यानेच केलं त्यांनी.”

खोटं बोलले. धडधडीत. ते म्हणाले, “छान झालं, फ्राऊ सबनीस,” आणि माझा हात हातात घेतला. तळवा खरखरीत लागला म्हणून मी उलटा करून पाहिला. बोटांच्या मुळाशी फोड, ताजे, एक फुटलेला. मग पांघरुणाखालचा दुसरा हात पाहिला, जो ऑगस्टपासून हललाच नव्हता. त्यावरही होते.

त्यांनी उलट मलाच थोपटलं.

नाताळाच्या आधी ओपा गेले. क्लब तर त्यांच्याही आधी संपला. आन्या दाताळं न्यायला आली तेव्हा दातांतली माती मी काढली नव्हती. तिने विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, माहीत नाही. ते दुसरं खोटं.

यांना अजून उत्तर सापडलेलं नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण ते फोड माझ्या हातांवर यायला हवे होते, एवढं मात्र मला कळतं.