आत्ती, गंगव्वा आणि अबोला

परवा रविवारी टिळकवाडीत पद्माक्कांकडे गेले होते... डोळ्यांत थेंब घालायला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नव्वदी केव्हाच ओलांडलीय आणि घरात त्या एकट्याच.

आमचा एक छोटासा ग्रुप आहे. आसपासच्या एकट्या ज्येष्ठांकडे आळीपाळीनं जातो... कुणाची औषधं आणतो, कुणाला बँकेत नेतो, कुणाशी नुसत्या गप्पा मारतो.

एक थेंब घातला की दुसऱ्यासाठी थोडा वेळ डोळे मिटून थांबायचं असतं. मी सहज विचारलं, "आक्का, तुमच्या वेळी एकट्या म्हाताऱ्या माणसांचं कोण करायचं हो?" त्या डोळे मिटूनच हसल्या. "आमच्या गल्लीत? भांडलेली माणसं करायची."

आणि बघता बघता त्या निपाणीला पोचल्या...

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी पद्माक्का चिकोडीकडच्या खेड्यातून लग्न होऊन निपाणीत आल्या. कोवळं वय. माहेरी सगळे कन्नड बोलायचे, सासरी मराठी. नवरा दिवसभर तंबाखूच्या वखारीत... घरात बोलणार कुणाशी?

शेजारी गंगव्वा राहायची. एकटी म्हातारी, मूल ना बाळ. मराठी तिला कळायची, पण बोलायची कन्नडच. रोज दुपारी कुंपणापलीकडून विचारायची, "ऊटा आतेन?" म्हणजे, जेवलीस का? तेवढं ऐकलं तरी पद्माक्कांना आईनं हाक मारल्यासारखं वाटायचं.

पण सासूचं, म्हणजे आत्तींचं, गंगव्वाशी बोलणं बंद होतं. गंगव्वाच्या शेळीनं आत्तींचे वाळत घातलेले सांडगे खाल्ले, त्यावरून तोंडाला तोंड लागलं... आणि रागाच्या भरात गंगव्वा आत्तींच्या लहानपणीच गेलेल्या लेकीविषयी काहीतरी बोलून गेली. "सांडगं विसरल्या असत्या गं," पद्माक्का म्हणाल्या. "ते न्हाय विसरल्या."

उन्हाळा संपता संपता गंगव्वा घरामागच्या परड्यात पडली. कंबरेला मार बसला, अंथरुणातून उठता येईना. गल्लीतल्या बायका कुणी दूध, कुणी भाकरी नेऊन देत, पण कामाच्या धबडग्यात एखाद्या दिवशी राहूनही जायचं. वैद्य म्हणाले होते, पोटात नीट गेलं तरच ही उठेल... नाहीतर अवघड आहे.

आत्तींनी सुनेला आधीच बजावलं होतं, "तिच्या दारात पाय ठेवायचा न्हाय." नव्या सुनेची काय हिंमत... ऐकलं नाही तर माहेरी धाडतील, ही धास्ती.

तरीही एका संध्याकाळी आत्ती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या आणि पद्माक्का उठल्या. तांब्यात आंबील घेतली, पदराखाली झाकली आणि मागच्या दारानं निघाल्या.

गंगव्वाचं दार ढकललं, तर आत आत्ती बसलेल्या. गंगव्वाचं डोकं मांडीवर घेऊन तिला पेज पाजत होत्या. एक भिंतीकडं बघत घोट घेत होती, दुसरी वाटीकडं बघत पाजत होती. शब्द नाही.

पद्माक्का जागच्या जागी थिजल्या. आत्तींनी मान वर केली. "काय बघतीस? बोलायचं न्हाय असं ठरलंय आमचं. खायाला घालायचं न्हाय, असं कुठं ठरलंय?"

बस्तीत जाता जाता त्या रोजच तिथं थांबत होत्या... आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग सासू-सुना दोघी मिळून जाऊ लागल्या. अंग पुसायचं, वेणी घालायची, अंथरूण बदलायचं. आत्ती म्हणायच्या, "तिला सांग, कुशीवर वळ म्हणावं." गंगव्वा कन्नडमध्ये म्हणायची, "तिला सांग, पाणी फार कढत आहे." दोघींमध्ये हातभराचं अंतर, दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं... "आन् मी आपली मधी टपाल," पद्माक्का सांगताना हसत होत्या.

हळूहळू गंगव्वा बसायला लागली. मग भिंतीला धरून चालायला.

आणि स्वातंत्र्याचा पंधरा ऑगस्ट उजाडला. शाळेच्या पटांगणात झेंडा लागणार म्हणून अख्खी गल्ली निघाली. गंगव्वा उंबऱ्यात बसून जाणाऱ्यांकडं बघत होती. आत्ती ठेवणीतलं इरकल नेसून निघालेल्या... चार पावलं पुढं गेल्या, थांबल्या, मागं फिरल्या. काही न बोलता त्यांनी गंगव्वाच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं.

चिखलातून दोघी हळूहळू गेल्या. झेंडा वर चढला तेव्हा गंगव्वा रडली... आत्तींनी आपला पदर पुढं केला. तेव्हाही शब्द नाही.

परतताना शाळेच्या पायऱ्या ओल्या होत्या. गंगव्वाचा पाय पुढं पडला आणि आत्तींच्या तोंडून निघून गेलं, "जपून गं गंगव्वा... पायरी हाय."

दोघी तिथंच उभ्या राहिल्या. लोक बाजूनं उतरत होते. मग कधीही मराठी न बोलणारी गंगव्वा अडखळत मराठीत म्हणाली, "चुकलं माझं. लेकीचं... बोलाय नको हुतं."

आत्तींनी पुन्हा तिच्या काखेत हात घातला. मग म्हणाल्या, "चल. पाऊस यायलाय."

पद्माक्का थांबल्या. मी विचारलं, "मग पुढं दोघी गोडीनं राहिल्या?"

"कुठलं गं," त्या म्हणाल्या. "आठवड्यात परत भांडाय लागल्या. पर एकमेकींशी बोलून."

आत्तींचा फोटो नाही, गंगव्वाचाही नाही. ती गल्ली आता तशी राहिलेली नाही, म्हणे. तरी परवापासून त्या दोघी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत... पद्माक्का, इतकी वर्षं त्यांना जपून ठेवलंत आणि माझ्या ओंजळीत दिलंत, तुमचे उपकार कसे मानू...