सकाळच्या उन्हात चंद्रोदय

सासूबाईंना घेऊन कुठे जायचं तर आधी तिथी बघावी लागते. पेरूला जाताना मी तिकिटं बघितली, स्वेटर बघितले, त्यांच्या शुगरच्या गोळ्या नीट पिशवीत भरल्या, फक्त तिथी बघायची राहिली. नेमकी इंकांच्या गावांची सहल ठरली त्या दिवशी संकष्टी निघाली.

नाशिकच्या माणसाला पेरू माहीत असतो तो द्राक्षांमुळे, परदेशच्या बाजारात आपल्या मालाला टक्कर देणारा देश म्हणून. माझ्या नवऱ्याला तिथल्याच एका मळ्यावर काम मिळालं आणि त्यानं आम्हा दोघींना फिरायला बोलावलं. आम्ही पोचलो तर त्याची तोडणी जोरात सुरू होती. तो समुद्रकाठच्या मळ्यावर राहिला आणि आम्हाला डोंगरातल्या शहरात पाठवून एका दिवसाची सहल ठरवून दिली, गाडी आणि गाइडसकट. "आईला सांभाळ," एवढं बोलून मोकळा झाला. आई म्हणजे काय बोचकं आहे, मांडीवर घेऊन बसायला?

पहाटे हॉटेलात नाश्ता मांडलेला होता. सासूबाईंनी हात जोडले. "मला संकष्टी हाय. चंद्र बघितल्याबिगर तोंड उष्टं करायची नाय मी." घरीही त्यांची संकष्टी अशीच कडक असते, साबुदाणा नाही, चहा नाही, नुसतं पाणी. मी म्हटलं, इतक्या उंचावर आलोय, हवा विरळ आहे, आज राहू द्या. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या; त्यांच्यामागे धावताना माझाही नाश्ता राहिला. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तरी मी घालतेच.

गाइड माझ्याच वयाची बाई होती. इंग्रजी सावकाश बोलायची, त्यामुळे माझंही निभावत होतं. पहिल्यांदा तिनं आम्हाला डोंगरउतारावरची इंकांची शेतं दाखवली. दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्या केलेल्या, खालपासून वरपर्यंत. सासूबाई मळेवाल्यांच्या घरातल्या. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात जन्म गेलेला. देवळं, राजे, युद्धं यात त्यांना गम्य नव्हतं. "पानी कुठून आणलं, ते इचार हिला." गाइडनं दगडात कोरलेला पाट दाखवला. त्यांनी वाकून त्यात बोटं बुडवली आणि समाधानानं मान डोलावली. "आपल्या सुरगाण्याच्या डोंगराकडं असे बांध पायजे होते. नागलीच्या वावरातली माती नसती गेली वाहून." त्या खुशीत होत्या म्हणून मीही निर्धास्त झाले.

पुढचं गाव बरंच वर होतं. तिथल्या बायका लोकर रंगवतात, विणतात, आलेल्या लोकांना करून दाखवतात. इंकांच्या जुन्या भिंतीला लागूनच एकीचं अंगण होतं. गाडीतून उतरून त्या अंगणापर्यंत चाललो आणि सासूबाई भिंतीशी टेकल्या. मग खालीच बसल्या. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि हात थरथरत होता.

गाइड म्हणाली, उंचीचा त्रास आहे, खाली दवाखान्यात नेऊ या, आणि तिनं तिकडे फोनही लावला. मला मात्र तो थरथरता हात ओळखीचा वाटला. "आई, सकाळी गोळी घेतली होती का?"

"घेतली की. औषध चालतं उपासाला."

शुगरची गोळी, उपाशीपोटी. मला रागानं काही सुचेना. रागापेक्षा भीती जास्त होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की साखर उतरली तर ताबडतोब गोड द्यायचं, वेळ घालवायचा नाही. मी पिशवीतून साखरेची पुडी काढली. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मी हातापाया पडले, ओरडले. अंगणातल्या बायका माग थांबवून बघत राहिल्या. "अहो, ज्याच्यासाठी उपास करता तो तिकडे पोटभर खाऊन काम करतोय," असंही बोलून गेले. हा उपास नवसाचा होता आणि नवस मुलासाठीच असणार, असं मी धरून चालले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता जबरदस्तीनं तोंड उघडायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला. दर संकष्टीला येतो तसा थोरल्या जाऊबाईंचा नाशिकहून फोटो आला होता. मोदकांचं ताट आणि खाली लिहिलेलं, 'चंद्र दिसला. आम्ही जेवायला बसतोय.'

इथे सकाळचे अकरा वाजायला आले होते. तिकडे रात्र झाली होती.

"आई, चंद्र उगवला."

त्यांनी एक डोळा उघडला. "डोकं फिरलं का तुझं? दिवसाढवळ्या?"

"नाशिकला उगवला. तुम्ही निघताना कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघितलीत, ती कुठली होती?"

त्या विचारात पडल्या. "नाशिकचीच असंल."

"तुम्ही संकष्टी धरलीत ती नाशिकच्या कॅलेंडरानं. मग चंद्र पेरूचा कशाला पाहिजे? इथे तर रात्रभर ढग असतात."

"डोळ्यानं बघितल्याबिगर नाय," त्या पुटपुटल्या. पण आवाज नरम पडला होता.

माझ्या फोनवर फोटो कसाबसा उतरला होता, व्हिडिओ कॉल लागेना. गाइडनं काही न विचारता आपल्या फोनचं इंटरनेट मला जोडून दिलं. जाऊबाईंनी जेवतानाच फोन उचलला. मी म्हटलं, "ताई, काही विचारू नका, ताबडतोब गच्चीवर जा." त्या गुडघ्यांना नावं ठेवत जिना चढल्या. पडद्यावर पाण्याची टाकी आली, शेजारच्या बंगल्याचा दिवा आला, आणि मग पांढरा, पुसट, हलणारा एक ठिपका. "ताई, हात स्थिर धरा हो," मी म्हटलं. ठिपका थांबला आणि गोल झाला.

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन फोनसमोर जमिनीवर सोडलं, नमस्कार केला आणि स्वतःहून हात पुढे केला. मी त्यावर साखर ओतली. त्या अंगणातल्या एका म्हाताऱ्या बाईनं पाण्याच्या ओल्या डागाकडे बघून मान हलवली. गाइड म्हणाली की त्यांच्याकडेही पिण्याआधी पहिली धार भूमीला देतात. मग त्याच बाईनं उकडलेल्या बटाट्यांची टोपली आणून ठेवली. जांभळे, पिवळे, वेडेवाकडे बटाटे. उपास सुटला तोही बटाट्यावर.

थोड्या वेळानं हात थरथरायचा थांबला. घाम वाळला, गालांवर रंग आला. मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. इतकं हलकं मला त्या सबंध प्रवासात वाटलं नव्हतं. गाइडनंही सुस्कारा सोडला आणि फोन करून दवाखान्यात येत नसल्याचं कळवलं. उन्हात दगड तापले होते, पाठीला बरं वाटत होतं.

"तुमच्या लेकाला सांगते, पुढच्या वेळी तिथी बघून सहल ठरव," मी म्हटलं.

"त्याचं नाव कशाला घेती सारखं?" त्या बटाटा सोलता सोलता म्हणाल्या. "त्याच्यासाठी नाय धरली मी संकष्टी. तुझं पोटाचं आपरेशन झालं ना, तू डोळे उघडीत नव्हती, तवा धरली. तू उठून बसली, मंग कशी सोडणार?"

मी साखरेच्या रिकाम्या पुडीची घडी घालत राहिले.

"आज मोडली असती, आन तुला काय झालं असतं," त्यांनी सोललेला बटाटा माझ्या हातावर ठेवला, "तर मला हितून घरी कोन नेणार होतं? खा. तूबी सकाळधरनं उपाशीच हाय."