वयनीचं सारवण

कुणी घराबाहेर पडलं की लगेच झाडायला फडा हातात घेतलेला वयनीला खपत नसे. "जित्या मान्साच्या मागं झाडत नाईत. तिरडी उठली की झाडतेत," असं ती दटावायची. तिचा नवरा, म्हणजे माझा मोठा भाऊ दादा, बाजाराला निघाला, तर तो वळणाआड होईपर्यंत अंगणातला केर तसाच पडून राही. एरवी मात्र केराशी तिचं हाडवैर होतं.

स्वतःचं घर तिला कधी लाभलंच नव्हतं. आईबाप लहानपणी गेले. बार्शीटाकळीला मामाच्या दारी वाढली, आणि लग्नानंतर आमच्या माणसांनी गच्च भरलेल्या घरात चुलीपुढचा एक कोपरा काय तो तिच्या वाट्याला आला. मग सातासमुद्रापार लढाई जुंपली, विलायतेला कापूस मिळेना आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दादानं व्यापारात उडी घेतली, अकोल्यात घर घेतलं.

घर कसलं, कापसाचं कोठारच ते! आधीच्या मालकानं माजघरापासून देवघरापर्यंत कापूस कोंबला होता. भिंतींच्या भेगांत सरकी, आढ्याला लोंबणारा कापूस, कोपऱ्यात उंदरांची बिळं. दादा म्हणाला, "चार बाया लावतो कामाले."

वयनी उसळली. "काहून? मले हात नाईत का? दुसऱ्यानं झाडलेलं घर दुसऱ्याचंच रायते."

नाकाला पदर बांधून ती शिडीवर चढली. खोकून बेजार झाली, पण भेगेतली सरकीसुद्धा तिनंच काडीनं टोकरून काढली. मी मदतीला गेलो तर म्हणे, "बापू, तुमी पानी आना अन् गुमान बसा." शेवटी सारवण. शेण आणि पांढरी माती कालवून ती आतल्या भिंतीपासून उकिडवी मागं मागं सरकत दाराशी आली. ओल्यावर एक पाऊल उमटलं नव्हतं. उंबऱ्यावर टेकून ती म्हणाली, "आता हे माहं." आमची वयनी हसताना इतकी सुंदर दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

तो आनंद फार टिकला नाही. लढाई संपली, भाव कोसळला, दादा पार बुडाला. घर विकावं लागलं.

निघायच्या दिवशी सामान बैलबंडीवर चढलं तरी वयनी दिसेना. आत डोकावलो तर घर झाडून ती सारवायला बसली होती.

दादा चिडला. "आता कोनासाठी?"

"मले भेटलं तसं मी कोनाले देनार नाई," ती मान वर न करता म्हणाली, आणि मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आली. नवी माणसं अंगणात ताटकळत उभी होती. "वाळू द्या, मंग पाय ठेवा," तिनं त्यांना सांगितलं.

माझ्यानं राहवलं नाही. "वयनी, जानाऱ्याच्या मागं झाडू नये म्हनता ना तुमी? आज सोताच्याच मागं?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "ते जित्या मान्साले, बापू," म्हणाली आणि बंडीत बसली.

पुढं भाड्याच्या घरात ती पुष्कळ वर्षं जगली. केर काढायची, सारवायची. पण "हे माहं" असं तिनं पुन्हा कशाला म्हटल्याचं मला आठवत नाही.